आधी हात, मग सुई

चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या मुलीला एका जिल्ह्याच्या गावातल्या खासगी रुग्णालयात ठेवले होते. मुलगी साडेचार वर्षांची. नडगीच्या हाडात जंतुसंसर्ग होऊन पू झाला होता. पू काढण्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली होती आणि आता दिवसातून चार वेळा शिरेवाटे प्रतिजैविक द्यायचे होते. मी पोचलो तो पाचवा दिवस. भाचा खोलीच्या बाहेरच भेटला. म्हणाला, "मामा, आत्ता आत जाऊ नका. पुन्हा सुई लावताहेत."

मी आत गेलो नाही, पण दाराला काच होती. एका सिस्टरने मुलीचा दंड धरला होता, दुसरी मनगटावर शीर शोधत होती. आई मुलीचे पाय धरून बसली होती आणि तिने तोंड भिंतीकडे वळवले होते. मुलगी ओरडत नव्हती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. दोन्ही हातांच्या पाठीवर निळे-पिवळे डाग होते, एका पावलावरही होते. पाच दिवसांत चार वेळा सुई बदलावी लागली होती आणि त्या चार सुया बसवण्यासाठी अकरा वेळा टोचले होते. हा हिशेब तिच्या आईने ठेवला होता. केसपेपरवर त्याची नोंद नव्हती.

त्या दिवशीही शीर मिळेना. शेवटी शेजारच्या वॉर्डातून एका वयस्क सिस्टरना बोलावले. त्यांनी आल्या आल्या सुई हातात घेतली नाही. मुलीचा हात घेतला, उलटसुलट करून पाहिला, मग दुसरा पाहिला, आणि विचारले, "हिला अजून किती दिवस इंजेक्शनं द्यायची आहेत?"

खोलीतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हते. डॉक्टरांना फोन लावला. उत्तर आले, "अजून किमान दहा-बारा दिवस." त्यावर सिस्टर म्हणाल्या, "मग असं एकेक करून हिचे हात पुरायचे नाहीत. हा विचार पहिल्या दिवशीच करायला हवा होता."

आजचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

मी डॉक्टर नाही. पण त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना, भूलतज्ज्ञांना, परिचारिकांना विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा लक्षात आले की रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाच्या शिरेत कोणती नळी घालायची, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. त्याचे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रातला पहिला प्रश्न त्या सिस्टरने विचारला तोच आहे.

आपण ज्याला 'सुई लावली' म्हणतो ती खरे तर सुई नसते. सुई शिरेत वाट करून देते आणि बाहेर निघते. आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी. रुग्णालयात कुणी तिला इंट्राकॅथ म्हणतात, कुणी व्हेनफ्लॉन. पूर्वी शिरेत पोलादी सुईच ठेवावी लागे. मूल हलले की सुई शिरेच्या भिंतीतून आरपार जाई, म्हणून मुलाचा हात फळीला बांधून ठेवत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये भूलशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या डेव्हिड मासा या तरुण डॉक्टरने १९५० मध्ये सुईवर चढवलेली प्लास्टिकची नळी तयार केली. आज जगभर रोज वापरली जाणारी छोटी नळी ही तिचीच पुढची पिढी.

या नळ्यांची मापे रंगांवरून ओळखतात. पिवळी २४ नंबरची, निळी २२ ची, गुलाबी २० ची, हिरवी १८ ची. नंबर जितका मोठा तितकी नळी बारीक. पिवळीची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर, हिरवीची सव्वा मिलिमीटरच्या थोडी वर. तान्ह्या मुलांना बहुधा पिवळी, थोड्या मोठ्यांना निळी. पालकांना वाटते, जाड नळी म्हणजे औषध जोरात जाणार आणि गुण लवकर येणार. अर्धी गोष्ट खरी आहे. नळीची त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून अपघातात रक्त वाहून गेलेल्या किंवा जुलाबांनी निपचित पडलेल्या मुलाला भराभर द्रव देण्यासाठी जाड नळी हवी. अशा वेळी शीर मिळाली नाही तर डॉक्टर नडगीच्या हाडात सुई घालून तिथून द्रव देतात. जीव वाचवण्याच्या घटकेला हिशेब वेगळा.

पण दर सहा तासांनी थोडे औषध द्यायचे असेल तर जाड नळीचा उपयोग नाही, उलट अपाय आहे. नळीच्या भोवतीने शिरेतले रक्त वाहत राहिले पाहिजे. ते वाहिले म्हणजे औषध पातळ होते आणि शिरेच्या भिंतीला जाळत नाही. नळीने शीरच व्यापली की रक्त तुंबते, गुठळी होते, शीर सुजते. म्हणून नळीने शिरेच्या रुंदीचा तिसरा हिस्सा, फार तर निम्म्याहून थोडा कमी हिस्सा व्यापावा असा संकेत आहे. काम भागेल त्यांतली सर्वांत बारीक नळी, हा साधा नियम.

जत्रेत बांगड्या भरताना कासार काय करतो ते आठवा. तो आधी हात हातात घेतो, दाबून पाहतो, बोटांची पेरे पाहतो, मग माप काढतो. ताटात कोणत्या बांगड्या जास्त उरल्या आहेत यावरून तो माप ठरवत नाही. आपल्या पुष्कळ रुग्णालयांत मात्र ट्रेमध्ये जी नळी असेल ती आधी हातात येते आणि शीर मागाहून शोधली जाते.

हातावरची ही छोटी नळी साधारण आठवड्याच्या आतल्या कामाची असते, आणि लहान मुलांत ती तेवढेही दिवस टिकेल याची खात्री नसते. मूल हात आपटते, पट्टी ओढते. औषध शिरेबाहेर झिरपते, हात सुजतो आणि नळी काढावी लागते. मात्र त्या नळीच्या पलीकडेही नळ्यांचे एक घराणेच आहे, हे मला साठी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते.

एक असते मधल्या लांबीची. ती दंडाच्या खोल शिरेत सोनोग्राफीच्या मदतीने घालतात आणि तिचे टोक काखेच्या अलीकडे थांबते. एक ते दोन आठवड्यांच्या उपचाराला ती सोयीची. त्याहून लांब नळीला डॉक्टर 'पिक' म्हणतात. तीही दंडातूनच आत जाते, पण तिचे टोक थेट हृदयात शिरणाऱ्या मोठ्या शिरेपाशी पोचते. उपचार काही आठवडे चालणार असेल, किंवा औषध इतके दाहक असेल की हातातल्या बारीक शिरेला ते सोसणार नाही, तर ती वापरतात. अतिदक्षता विभागातल्या मुलांना मानेतून किंवा जांघेतून मोठी नळी घालतात. ती त्या आणीबाणीपुरती. आणि महिनोन्‌महिने उपचार चालणाऱ्या मुलांसाठी छातीच्या कातडीखालून बोगदा करून नेलेली नळी असते. सिएटलच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये अशी नळी तयार केली, ती आतड्यातून पोषण घेऊ न शकणाऱ्या रुग्णांना शिरेवाटे पोषण देण्यासाठी. तिथल्याच रॉबर्ट हिकमन या मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञाने पुढे तिच्यात बदल केले आणि १९७९ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. याच घराण्यातली शेवटची म्हणजे 'पोर्ट'. ही कातडीखाली पुरलेली एक छोटी डबी असते. कर्करोगाच्या मुलांना लागेल तेव्हा तिच्यात टोचून औषध देतात. एरवी ते मूल अंघोळ करते, शाळेत जाते, खेळते. बाहेर काहीच लोंबत नाही.

एवढे प्रकार हाताशी असताना निवड कशी करायची? याविषयी डॉक्टरांचेही एकमत नव्हते. मोठ्यांसाठी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये एक मार्गदर्शिका निघाली होती. मुलांसाठी तशी काही नव्हती. ती २०२० मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि तिच्या प्रमुख लेखिका अमांडा उलमन या ऑस्ट्रेलियातल्या परिचारिका-संशोधक आहेत. परिचारिकेने पुढाकार घेतलेला हा दस्तऐवज आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुलाचा हात धरणाऱ्या व्यक्तीला जे दिसते ते फाइलवर सही करणाऱ्याला दिसतेच असे नाही.

ती तयार करण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. उपलब्ध संशोधन गोळा केले. मग निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांपुढे प्रसंग ठेवले: मूल एवढ्या वयाचे, आजार असा, औषध असे, उपचार इतके दिवस चालणार, आता अमुक नळी योग्य की अयोग्य? प्रत्येकाने एक ते नऊ गुण द्यायचे. एक ते तीन म्हणजे अयोग्य, सात ते नऊ म्हणजे योग्य, मधले म्हणजे अनिश्चित. अशा दोन फेऱ्या झाल्या. नवजात, तान्ही, मोठी मुले आणि किशोर यांचा विचार वेगवेगळा केला. आणि सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व ठेवले: मुलाच्या शिरा जपायच्या. आज या आजारासाठी आणि उद्या जो आजार होईल त्यासाठीही.

हे वाचताना मला माझी जुनी नोकरी आठवली. मी आयुष्याची तीस वर्षे बँकेत काढली. कर्जाचा अर्ज पुढे आला की आम्हाला पहिला धडा शिकवलेला असे: रक्कम मागाहून पाहा, आधी विचारा की कशासाठी हवे आणि किती मुदतीसाठी. कारखान्याची इमारत बांधायला कुणी तीन महिन्यांचे कर्ज घेऊ लागला तर त्याला थांबवायचे. तो तीन महिन्यांनी पुन्हा येणार, पुन्हा नूतनीकरण मागणार, दर वेळी थोडा अधिक अडचणीत आलेला असणार. गरज लांब मुदतीची आणि सोय आखूड मुदतीची, यातून चांगले चांगले धंदे बुडालेले मी पाहिले आहेत. आमच्या मुलीच्या हातावर पाच दिवस नेमके तेच चालले होते. पंधरा-सोळा दिवसांची गरज होती आणि सोय दीड-दोन दिवसांची. प्रत्येक नूतनीकरणाला तारण म्हणून एक शीर जात होती.

शिरा हे मुलाचे भांडवल आहे, आणि काही मुलांना ते जन्मभर पुरवायचे असते. हिमोफिलियाच्या मुलाला वर्षानुवर्षे शिरेवाटे औषध घ्यावे लागते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या मुलाला पुढे कधी तरी डायलिसिस लागू शकते, आणि त्यासाठी हातातली चांगली शीर शाबूत असावी लागते. म्हणून अशा मुलांना दंडातली लांब नळी शक्यतो टाळावी असे तज्ज्ञ सांगतात. ती घातली की तिथली शीर अरुंद होण्याचा धोका असतो. एका मुलासाठी जी निवड सर्वांत चांगली, तीच दुसऱ्यासाठी वाईट. मुंबईत परळला टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला देशभरातून मुले येतात. त्या मुलांच्या आयांना विचारा. शीर मिळाली की नाही, यावर त्यांचा तो दिवस कसा जाणार हे ठरते.

पण एवढ्यावरून कुणी असा अर्थ काढू नये की मोठी नळी म्हणजे चांगली नळी. ही चूक उलट्या बाजूची आहे आणि तितकीच महाग आहे. हृदयाजवळ जाणारी नळी ही जंतूंना रक्तात शिरायला उघडी वाट असते. तिच्यात गुठळी होते, ती तुंबते, निसटते. मुलांमधल्या अशा नळ्यांचा आढावा उलमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. उपचार संपण्याआधीच निकामी होणाऱ्या नळ्यांचे प्रमाण त्यात चारात एक असे आढळले. तीन दिवसांच्या औषधासाठी अशी नळी घालणे म्हणजे हातउसन्या पैशासाठी घर गहाण ठेवणे.

याहूनही पुढचा प्रश्न असा की नळी मुळात हवी का? आमच्या मुलीला होता तोच आजार घ्या. अमेरिकेतल्या ३६ मुलांच्या रुग्णालयांतल्या अशा दोन हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे उपचार झाल्यावर काही मुलांना दंडात लांब नळी घालून शिरेवाटे औषध देत घरी पाठवले, काहींना तोंडाने घ्यायचे औषध देऊन. आजार न हटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले, पाच-सहा टक्के. मात्र नळी घातलेल्या मुलांपैकी १५ टक्के मुलांना त्या नळीच्याच तक्रारीसाठी पुन्हा रुग्णालयात यावे लागले. याचा अर्थ प्रत्येक मुलाला गोळ्या पुरतात असा नव्हे. पण शिरेतून दिलेले औषध ते खरे आणि तोंडाने दिलेले ते दुय्यम, ही आपली समजूत तपासून पाहायला हवी.

या समजुतीत आपण पालक आणि आजी-आजोबा डॉक्टरांइतकेच भागीदार आहोत. "डॉक्टर, एक सलाईन लावा, पोरात जीव येईल," हे वाक्य आपल्याकडे कुठल्या दवाखान्यात ऐकू येत नाही? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. मूल तोंडाने पिऊ शकत असेल तर तेवढी साखर त्याला पेजेतून, सरबतातून मिळते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सीमेवरच्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून आप्तांच्या हातूनच रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आले. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या उपायाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आणि आपण अजून जुलाब झालेल्या, पण हातात पेला धरून पाणी मागणाऱ्या मुलाला सुई लावा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतो.

इथे कुणी म्हणेल, हे सगळे परदेशातले. आमच्याकडे एका सिस्टरकडे तीस-तीस मुले, सोनोग्राफीचे यंत्र कुलपात, ते हाताळणारा माणूस जिल्ह्यात एखादा. हा आक्षेप खोटा नाही. ब्रिस्बेनमध्ये योग्य ठरलेली नळी आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात योग्य ठरेलच असे नाही. लांब नळी घालणे सोपे, ती सांभाळणे अवघड. तिला रोज स्वच्छ हात लागतात, ठरल्या वेळी धुणे लागते, पट्टी बदलणे लागते. हे करणारे माणूस नसेल तर चांगली नळीही वाईट ठरते. अशा ठिकाणी मुलाला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवणे हीच योग्य निवड असू शकते.

पण प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. मूल दाखल होताना केसपेपरवर तीन ओळी लिहायला किती वेळ लागतो? शिरेवाटे औषध का हवे, तोंडाने का नाही? किती दिवस लागेल असा अंदाज? औषध शिरेला जाळणारे आहे का? या तीन उत्तरांवरून नळी ठरते. आणि रोज सकाळी चौथा प्रश्न: ही नळी आज अजून हवी आहे का? पुष्कळदा औषध कालच बंद झालेले असते आणि नळी नुसती 'असू द्या' म्हणून हातात राहते.

पैसा न लागणाऱ्या किंवा फार थोडा लागणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. एका व्यक्तीने दोनदा प्रयत्न करावा. जमले नाही तर तिसऱ्यांदा स्वतः न टोचता अधिक अनुभवी व्यक्तीला बोलवावे. यात कुणाची नामुष्की नाही. घाई नसेल तेव्हा बधिर करणारे मलम तासभर आधी लावावे. मूल आडवे दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर बसवावे. चालणाऱ्या मुलाच्या पायात शक्यतो नळी घालू नये. ज्या हाताने ते लिहिते किंवा ज्या हाताचा अंगठा चोखते, तो हात वगळावा. आईला विचारले की ती लगेच सांगते. टोचल्या जागेवर पारदर्शक पट्टी लावावी आणि ती जागा वारंवार पाहावी. फळी आणि बँडेजच्या गुंडाळ्यात झाकलेल्या हातात औषध बाहेर झिरपत असले तर कळत नाही. काही औषधे अशी झिरपली तर कातडी जळते आणि तो व्रण जन्मभर राहतो.

आणि प्रत्येक टोचण्याची नोंद व्हावी. बँकेत एका रुपयाची तफावत असली तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसून ती शोधत होतो. मुलाला किती वेळा टोचले याचा आकडा कुठल्याच वहीत नसतो. ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब कुणी मागत नाही, आणि ज्याचा हिशेब कुणी मागत नाही ते सुधारत नाही. अकराचा आकडा आमच्याकडे केवळ एका आईने मनात ठेवला म्हणून राहिला.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. त्या डॉक्टरांचा मोठेपणा असा की त्यांनी सिस्टरचे म्हणणे मनावर घेतले. त्याच संध्याकाळी त्यांनी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मुलीला तिकडे हलवले. तिथे भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीवर पाहून दंडात मधल्या लांबीची नळी घातली. एकदाच टोचले. तिच्यातून आठ दिवस औषध गेले. मग ताप नाही, सूज उतरली, रक्ताचे अहवाल चांगले आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता नळी नको, तोंडानं औषध देऊ." पुढचे काही आठवडे तिने गुलाबी रंगाचे, कडू औषध नाके मुरडत घेतले. आज ती धावते.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत तिला बांगड्या भरायला नेले. कासाराने हात पुढे कर म्हटले. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि काही केल्या पुढे करीना. आईने आणि आजीने खूप समजावले. कासार शहाणा होता. त्याने ओढाताण केली नाही, म्हणाला, "राहू दे बाळ, मी नुसता बघतो." बऱ्याच वेळाने तिने एक हात पुढे केला. त्याने तो हलकेच धरला, पाहिला आणि माप काढले.

त्या वयस्क सिस्टर आता निवृत्त झाल्या असतील. त्यांचे नावही आम्ही कुणी विचारले नाही. पण त्यांचा प्रश्न मी त्यानंतर ओळखीच्या प्रत्येक आई-बापाला सांगत आलो आहे आणि आज वाचकांना सांगतो. तुमचे मूल, नातवंड, शेजाऱ्याचे पोर रुग्णालयात असेल आणि कुणी ट्रे घेऊन खोलीत आले, तर भांडू नका, अडवू नका, डॉक्टरकी करू नका. फक्त नम्रपणे विचारा: "हे किती दिवसांसाठी आहे?" उत्तर तयार असेल तर समाधानाने बाजूला व्हा. उत्तर नसेल, आणि जिवावरची घाई नसेल, तर ते मिळेपर्यंत सुई थांबू शकते.